क्षीण ऱ्हासाचे घड्याळ : घारापुरीचा कातळ आणि एका सिद्धान्ताचा इतिहास

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा चौलपासून प्रारंभ होतो. सातवाहनकालीन व्यापार, कुड्याची लेणी, घारापुरीची शिवमूर्ती, मग सिद्दीचा जंजिरा, पोर्तुगीजांचे कोर्लई, शिवाजीमहाराजांनी बांधायला घेतलेला कुलाबा किल्ला आणि आंग्र्यांचे आरमार, असा तो क्रम ठरून गेला आहे. ही सारी माणसे ज्या काळ्या कातळावर उभी राहिली, ज्यात त्यांनी लेणी खोदली आणि ज्याचे चिरे तटाला लावले, त्या कातळाची बोळवण मात्र एका वाक्यात होते : हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून बनला. अलीकडच्या पुस्तकांत त्या जागी सहा कोटी साठ लाख हा आकडा दिसतो. बाकी वाक्य तेच राहते.

या दोन आकड्यांमध्ये दहा लाख वर्षांचे अंतर आहे. खडक तोच, लेणी तीच. मग मधल्या काळात ही वर्षे वाढली कोठून? आमचे म्हणणे असे, की कातळाच्या वयाचे हे वाक्य हीसुद्धा एक ऐतिहासिक वस्तू आहे. ते कोणी, कशाच्या आधारे लिहिले आणि कोणत्या कारणाने बदलले हे पाहू लागलो, की वाट भूशास्त्रातून थेट अणुकेंद्राच्या सिद्धान्ताकडे जाते. कारण हे वय ज्या घड्याळाने मोजले गेले, ते घड्याळ निसर्गातील क्षीण बलावर चालते.

किरणोत्सर्ग हाती येण्यापूर्वी या खडकाला वय होते ते केवळ सापेक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल सायक्स यांच्या लेखनातून 'डेक्कन ट्रॅप' हे नाव रूढ झाले. पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या डोंगरांवरून, पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दापासून आलेले हे नाव. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात जीवाश्म सापडत. वरळीच्या गाळात सापडलेल्या लहानग्या बेडकांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली केले. अशा जीवाश्मांवरून खडक क्रिटेशस काळाचा की त्यानंतरच्या तृतीयक काळाचा, हा वाद अनेक दशके चालला. बिरबल साहनी यांनी वनस्पतींच्या जीवाश्मांच्या आधारे तो तृतीयक, म्हणजे तुलनेने तरुण ठरवला. वाद विद्वत्तापूर्ण होता. पण त्यात वर्षांची संख्या नव्हती. 'याच्या आधी' आणि 'त्याच्या नंतर' एवढेच जीवाश्म सांगू शकत. संख्या आली ती पोटॅशियममधून.

पोटॅशियम किंचित किरणोत्सर्गी आहे हे १९०६च्या सुमारास नॉर्मन कॅम्पबेल आणि अल्बर्ट वुड यांनी दाखवले. हे मूलद्रव्य आपल्या रक्तात, केळ्यात, नारळाच्या पाण्यात आणि कातळातही आहे. पुढे १९३५ साली आल्फ्रेड नीर यांनी त्यातील दुर्मिळ समस्थानिक पोटॅशियम-४० वेगळा ओळखला. पोटॅशियमच्या दहा लाख अणूंत तो जेमतेम एकशे सतरा असतो. तो इलेक्ट्रॉन बाहेर टाकून कॅल्शियम-४० होतो, म्हणजे त्याचा बीटा ऱ्हास होतो.

बीटा ऱ्हास हे त्या काळातील मोठे कोडे होते. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा दर वेळी निराळी भरे आणि हिशेबात काहीतरी कमी पडे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सोडून द्यावा की काय, इथपर्यंत विचार गेला होता. १९३० साली वोल्फगांग पाउली यांनी एक अदृश्य, विद्युत्‌भाररहित कण सुचवला. उरलेली ऊर्जा तो घेऊन जातो. त्यालाच पुढे न्यूट्रिनो म्हटले जाऊ लागले. १९३४ साली एन्रिको फर्मी यांनी या कणाला धरून बीटा ऱ्हासाचा पहिला खरा सिद्धान्त मांडला. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो त्या क्षणी इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनोचा जोडीदार जन्माला येतात. ते आधीपासून अणुकेंद्रात दडलेले नसतात. ही घटना घडवणारे बल विद्युत्‌बलाच्या मानाने अत्यंत दुबळे आहे, म्हणूनच तिला वेळ लागतो. सिद्धान्ताचा गाभा एवढाच. पण त्यातून 'किती वेळ' या प्रश्नाला पहिल्यांदा तर्कशुद्ध उत्तर देता येऊ लागले.

आता पोटॅशियमकडे पाहावे. एकटा न्यूट्रॉन सुमारे दहा मिनिटांच्या अर्धायुष्याने ऱ्हास पावतो. जड हायड्रोजन, म्हणजे ट्रिटियम, बारा वर्षांच्या, कार्बन-१४ सुमारे ५,७०० वर्षांच्या. पोटॅशियम-४०चे अर्धायुष्य मात्र सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. बल तेच, मग एवढी दिरंगाई का? उत्तर परिवलनात आहे. पोटॅशियम-४०च्या अणुकेंद्राचे परिवलन चार एकके असते, कॅल्शियम-४०चे शून्य. हा फरक बाहेर पडणाऱ्या दोन हलक्या कणांनी उचलून न्यावा लागतो. त्यांचे स्वतःचे परिवलन मिळून फार तर एक एकक भरते. उरलेली तीन एकके त्यांनी आपल्या भ्रमणातून पुरवायची. एवढ्या लहान अणुकेंद्रातून निघणाऱ्या एवढ्या हलक्या कणांना हे साधणे दुरापास्त असते. भौतिकीत अशा ऱ्हासाला 'निषिद्ध' म्हणतात, आणि हा तिसऱ्या श्रेणीचा निषिद्ध ऱ्हास होय. शब्द धर्मशास्त्राचा वाटला तरी अर्थ व्यवहाराचा आहे : घडतच नाही असे नव्हे, क्वचित घडते. त्या क्वचितपणामुळेच पृथ्वीच्या जन्मापासूनचे पोटॅशियम-४० अजून पुरते संपलेले नाही, आणि त्याचे घड्याळ अजून चालू आहे.

पण कॅल्शियम कातळात आधीच मुबलक असतो. नवा कोणता आणि जुना कोणता हे कळत नाही. घड्याळाचा काटा दुसरीकडे सापडला, आणि तो आधी सिद्धान्तात सापडला. अणुकेंद्र आपल्याच भोवतीचा एखादा इलेक्ट्रॉन गिळून ऱ्हास पावू शकते, हे फर्मींच्या सिद्धान्ताचा विस्तार करून युकावा आणि साकाता यांनी १९३५ साली दाखवले होते. १९३७ साली कार्ल फ्रीडरिख फॉन वाइत्सेकर यांनी विचारले : पृथ्वीच्या हवेत आर्गॉन एवढा कसा? निष्क्रिय वायूंपैकी तोच एकटा हवेत जवळजवळ एक टक्का आहे, आणि त्यातही जवळपास सगळा आर्गॉन-४०. पोटॅशियम-४० इलेक्ट्रॉन गिळून आर्गॉन-४० होत असले पाहिजे, असे त्यांनी अनुमान काढले. अकरा वर्षांनी, १९४८ साली, ऑल्ड्रिच आणि नीर यांनी पोटॅशियमयुक्त जुन्या खनिजांत हा अडकलेला आर्गॉन प्रत्यक्ष मोजला. आर्गॉन कशाशी संयोग पावत नाही. वितळलेल्या लाव्हातून तो निसटतो आणि थिजलेल्या खडकात साठू लागतो. म्हणजे लाव्हा थिजली त्या क्षणी घड्याळ शून्यावर येते.

याच सुमारास या कथेत मुंबई बंदराचा किनारा येतो. घारापुरीला जाणाऱ्या लाँच गेटवे ऑफ इंडियापासून सुटतात. तेथेच अपोलो बंदरावर जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत १९४९ ते १९६२ या काळात टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. तेथे बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल, यशपाल आदींचा गट विश्वकिरणांत सापडणाऱ्या के-मेसॉन कणांच्या ऱ्हासाच्या खुणा फोटोग्राफीच्या जाड लेपांत शोधत होता. हे कण कधी दोन, कधी तीन तुकड्यांत फुटत. दोन्ही प्रकारचे कण एकच असतील तर आरशातील जग आणि खरे जग यांना क्षीण बल सारखे वागवत नाही असे मानावे लागत होते. १९५६ साली ली आणि यांग यांनी ते धाडसाने मांडले आणि १९५७च्या आरंभी चिएन-शिउंग वू यांच्या प्रयोगाने ते खरे ठरले.

याच संस्थेत १९५२ ते १९५५ या काळात ई. सी. जी. सुदर्शन हा केरळचा तरुण संशोधन सहायक होता. तेथून तो अमेरिकेत रॉचेस्टर येथे रॉबर्ट मार्शाक यांच्याकडे गेला. समतेचा नियम कोसळल्यावर क्षीण बलाचे नेमके रूप कोणते, याविषयी गोंधळ माजला होता. निरनिराळे प्रयोग निरनिराळी रूपे सुचवत होते. सुदर्शन आणि मार्शाक यांनी साऱ्या पुराव्याची छाननी करून सांगितले, की सर्व क्षीण ऱ्हासांचे रूप एकच आहे : सदिश भागातून अक्षीय भाग वजा, म्हणजे 'व्ही वजा ए'. ज्या प्रयोगांशी ते जुळत नव्हते ते प्रयोगच चुकले असावेत, ते पुन्हा करावेत, असेही त्यांनी म्हटले. प्रयोग पुन्हा झाले आणि सिद्धान्त खरा ठरला. १९५७च्या सप्टेंबरात त्यांनी हे काम इटलीतील परिषदेत मांडले. पण परिषदेचे वृत्त छापून यायला वेळ लागला, आणि १९५८च्या आरंभी फाइनमन आणि गेल-मान यांचा तोच निष्कर्ष काढणारा निबंध अधिक गाजला. फाइनमन यांनी पुढे सुदर्शन-मार्शाक यांचे अग्रत्व मान्य केले; लोकांच्या स्मरणात मात्र ते पुरेसे उतरले नाही.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण केवळ बंदराचा शेजार नव्हे. पोटॅशियम-४०चा निषिद्ध ऱ्हास ज्या प्रकारचा आहे त्यात या बलाचा 'ए' हा अक्षीय भागच काम करतो. ज्या सूत्राने के-मेसॉन आणि न्यूट्रॉन बांधले गेले, त्याच सूत्राने घारापुरीच्या कातळातील पोटॅशियमही बांधला गेला.

दख्खनच्या खडकाला हे घड्याळ लावण्याचा एक आरंभीचा प्रयत्न याच संस्थेतून झाला. रामा यांनी दख्खनच्या काही नमुन्यांची पोटॅशियम-आर्गॉन वये १९६४ साली दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेत सादर केली. १९७० साली वेलमन आणि मॅक्एलहिनी यांची वये 'नेचर'मध्ये आली. पहिल्या पिढीतील ही वये विखुरलेली होती. सगळी एकत्र मांडली तर तीन-चार कोटींपासून दहा कोटी वर्षांपर्यंत पसरत. याचे कारण कातळाच्या स्वभावात आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पोटॅशियम बहुधा एक टक्काही नसते. सहा कोटी साठ लाख वर्षांत पोटॅशियम-४०चा सुमारे साडेतीन टक्केच भाग ऱ्हास पावतो, आणि त्यातलाही नवव्या-दहाव्या हिश्श्याचाच आर्गॉन होतो. हिशेब केला तर एक कोटी पोटॅशियम अणूंमागे आर्गॉनचे जेमतेम चार-पाच अणू निघतात. त्यात कोकणचा पाऊस! कातळ कुजतो, त्यातली खनिजे बदलतात आणि साठलेला आर्गॉन निसटतो. मग खडक आहे त्याहून तरुण दिसू लागतो.

यावर १९६६ साली मेरिह्यू आणि टर्नर यांनी तोड काढली. नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवायचा; त्यातील साध्या पोटॅशियमचा काही भाग आर्गॉन-३९ होतो. मग खडक टप्प्याटप्प्याने तापवत दोन्ही आर्गॉनांचे गुणोत्तर मोजायचे. कुजलेल्या भागातला वायू आधी निघतो, शाबूत भागातला नंतर, आणि त्यामुळे खरे वय ओळखता येते. या आर्गॉन-३९चाही बीटा ऱ्हास होतो, सुमारे २७० वर्षांच्या अर्धायुष्याने. म्हणजे मोजणाऱ्याला पुरेशी सवड मिळते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत वेंकटेशन, पांडे आणि गोपालन यांनी याच पद्धतीने घाटातील लाव्हाथरांची वये मोजली आणि १९९३ साली प्रश्न केला, की दख्खनचे उद्रेक क्रिटेशसच्या अखेरीआधीच तर झाले नव्हते? अशा भारतीय नमुन्यांवर न्यूट्रॉनांचा मारा होई तो तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांत : आधी १९५६ साली सुरू झालेल्या 'अप्सरा'त, पुढे १९८५ साली सुरू झालेल्या 'ध्रुव'मध्ये. तुर्भ्याचा डोंगर आणि घारापुरी यांच्यामध्ये फक्त खाडीचे पाणी आहे.

घारापुरीचा कातळही या घड्याळाखाली आला. मुंबईच्या आयआयटीतील हेतू शेठ, कांचन पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटावरील लाव्हाप्रवाह आणि त्यांना छेदून उभ्या चढलेल्या भिंतींसारख्या शिरा, म्हणजे डाइक, यांची वये काढून २०१९ साली प्रसिद्ध केली. त्यांत सुमारे पन्नास लाख वर्षांचा पट दिसतो : मुख्य उद्रेकाच्या काळापासून भारत आणि सेशेल्स यांची फारकत होऊन अरबी समुद्राचा हा भाग उघडला, त्याच्या उंबरठ्यापर्यंत. म्हणजे ज्या एका वाक्याने आपण सुरुवात केली ते एका लहानशा बेटापुरतेही पुरे पडत नाही. घारापुरीला एक वय नाही.

वयाचा हा काटेकोरपणा आता एका जागतिक वादाच्या केंद्रस्थानी आहे, आणि त्या वादात रायगड जिल्ह्यातील गावांची नावे रोज उच्चारली जातात. घाटातील लाव्हाथरांना भूशास्त्रज्ञांनी दिलेल्या नावांत पोलादपूर आणि आंबेनळी आहेत. डायनोसॉरांचा अंत मेक्सिकोतील चिक्शुलूबच्या अशनीने केला, दख्खनच्या वायूंनी केला, की दोघांनी मिळून, हा प्रश्न यावर येऊन ठेपतो, की या थरांतला कोणता आघाताच्या आधीचा आणि कोणता नंतरचा. २०१९ साली 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन उत्तरे आली. शोएन आणि सहकाऱ्यांनी झिरकॉन या खनिजातील युरेनियम आणि शिसे मोजून चार झटके दाखवले. त्यांतला पोलादपूरचा झटका आघाताच्या काही दहा हजार वर्षे आधीच सुरू झाला होता. स्प्रेन आणि सहकाऱ्यांनी पोटॅशियम-आर्गॉनच्या घड्याळाने सांगितले, की उद्रेक सलग चालला आणि त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश लाव्हा सीमेनंतर वाहिली. पहिल्या घड्याळाचा वेग युरेनियमच्या अल्फा ऱ्हासाने ठरतो, दुसऱ्याचा क्षीण ऱ्हासाने. कारण कोण आणि परिणाम कोणता, हे दोन घड्याळे किती जुळतात यावर ठरणार आहे.

येथे क्षीण घड्याळाची मर्यादा समोर येते. त्याच्या वेगात एक टक्क्याची चूक असेल तर सहा कोटी साठ लाखांत सहा लाख साठ हजार वर्षांचा फरक पडतो, आणि दख्खनच्या उद्रेकांचा मुख्य भागच दहा लाख वर्षांच्या आत आटोपला आहे. १९७७ साली भूशास्त्रज्ञांनी आपसांत ऱ्हासाचा एक दर ठरवून घेतला, म्हणजे एक प्रकारचा करार केला. २००८ साली क्युपर आणि सहकाऱ्यांनी मोरोक्कोतील गाळाचे थर पृथ्वीच्या कक्षेच्या आवर्तनांशी जुळवले आणि त्या आधारे, जगभर प्रमाण म्हणून वापरल्या जाणाऱ्या कोलोरॅडोतील एका खनिजाचे वय सुमारे दोन-तृतीयांश टक्क्याने वाढवले. त्याबरोबर क्रिटेशसची अखेर साडेसहा कोटींवरून सहा कोटी साठ लाखांच्या जवळ गेली. आपल्या पुस्तकांतील वर्षे बहुतांशी वाढली ती येथे. दख्खनचा एक दगडही न उचलता, मोरोक्कोच्या गाळाने आणि कोलोरॅडोच्या स्फटिकाने दख्खनचे वय बदलले.

मग प्रश्न येतो, की क्षीण बलाचा सिद्धान्त इतका पक्का असताना हा दर गणिताने का काढत नाहीत? बल ठाऊक आहे. अडचण अणुकेंद्राची आहे. चाळीस प्रोटॉन-न्यूट्रॉनांची ती दाटी इतकी गुंतागुंतीची, की तिची प्रतिमाने फक्त अंदाज देऊ शकतात. पोटॅशियम-४० बहुधा आर्गॉनच्या उत्तेजित अवस्थेत जाते आणि मग गॅमा किरण टाकते. थेट मूळ अवस्थेत उतरण्याचा मार्ग पुन्हा चार एककांच्या फरकाचा, म्हणून अतिनिषिद्ध. तो मार्ग किती वेळा घेतला जातो, याचे सैद्धान्तिक अंदाज शून्यापासून ०.२२ टक्क्यापर्यंत पसरलेले होते. केडीके या प्रयोगाने अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत तो प्रथमच मोजला आणि २०२३ साली उत्तर दिले : सुमारे ०.१ टक्का. आकडा क्षुल्लक भासतो. पण अब्जावधी वर्षांच्या जुन्या खडकांची वये त्याने हलतात. १९५७ साली सिद्धान्त प्रयोगांना चूक म्हणू शकला. २०२३ साली सिद्धान्ताला प्रयोगाची वाट पाहावी लागली. दोन्ही वेळा बल तेच होते. बदलले होते ते अणुकेंद्राविषयीच्या आपल्या आकलनाचे क्षेत्र.

इतिहासकाराला हे ओळखीचे वाटायला हवे. ताम्रपटावरील शकवर्ष आपण थेट स्वीकारत नाही. कोणता शक, गत की वर्तमान, पाठ कोणाचा, हे विचारतो. कातळाच्या वयाच्या बाबतीत मात्र आकडा छापील दिसला की मान तुकवतो, किंवा बदलला की 'शास्त्रज्ञांचेही काही खरे नाही' म्हणून हात झटकतो. दोन्ही वृत्ती सारख्याच आळशी आहेत. सायक्स यांच्या काळी वर्षच नव्हते. रामा यांच्या पिढीत कोट्यवधी वर्षांची अनिश्चितता होती. आज वाद काही दहा हजार वर्षांवर आला आहे. बदलणारा हा आकडा पायरी पायरीने घट्ट होत आलेल्या ज्ञानाचा आहे.

म्हणून रायगडाच्या किनाऱ्याचा इतिहास नव्याने लिहिणाऱ्याने पहिले वाक्य थोडे लांबवावे, असे आम्ही सुचवू. हा कातळ बहुतांशी सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा, काही ठिकाणी त्यानंतर लाखो वर्षांनी वर आलेला; हे वय पोटॅशियमच्या क्षीण ऱ्हासाने मोजलेले, न्यूट्रॉनांचा मारा काही वेळा समोरच्या तुर्भ्यातच झालेला, आणि त्याच्या शेवटच्या अंकावर अजून चर्चा चालू आहे. एवढे लिहून मग चौलकडे वळावे.